हत्ती कुठल्या अक्षराचा?

यंदा शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. नात नुकतीच पहिलीत गेलेली. एके दिवशी ती घरी आली, दप्तर दिवाणावर टाकले आणि थेट माझ्या खुर्चीपाशी येऊन वकिलाने उलटतपासणी घ्यावी तसे विचारू लागली, "आजोबा, हत्ती कुठल्या अक्षराचा?"

"ह चा. ह हत्तीचा." मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो.

"चूक! तेलुगू टीचर म्हणतात ए चा. ए, एनुगु. आणि इंग्लिशच्या टीचर म्हणतात ई फॉर एलिफंट. मग खरा कुठला?"

मी हसलो. हसून सोडून दिले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो हत्ती काही डोक्यातून जाईना. मला भालकीचा माझा मामेभाऊ आठवला. लहानपणी सुटीत तो कानडी पुस्तक घेऊन बसायचा आणि घोकायचा, "आ, आने." आने म्हणजे हत्ती. म्हणजे कानडीत हत्ती दुसऱ्याच अक्षराला हजर. तेलुगूत तो स्वरांच्या मध्यावर. इंग्रजीत पाचवा. आणि आमच्या मराठीत बिचारा सगळी व्यंजने पुढे जाऊ देऊन पार शेपटाला उभा, ळ आणि क्ष-ज्ञ यांच्या अलीकडे. एवढे मोठे जनावर, पण त्याची जागा ठरते ती तुम्ही कुठल्या गावच्या शाळेच्या दारात उभे आहात त्यावर!

आमच्या घराण्याला हा प्रश्न १९५६ पासून चिकटलेला आहे. त्याआधी आम्ही सगळे निजामाच्या राज्यातले. माझे गाव देगलूर, आईचे माहेर भालकी, आत्या दिलेली बोधनला. बैलगाडीने नाहीतर मोटारीने सकाळी निघून संध्याकाळी पोचावे अशी ही तीन गावे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. देगलूर मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले, भालकी म्हैसूर राज्यात, बोधन आंध्रात. माणसे जिथल्या तिथेच राहिली, पोरांच्या पाट्या मात्र बदलल्या. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. पुढे दोन वर्षांनी मी 'अ अननसाचा' म्हणू लागलो, भालकीचा मामेभाऊ कानडी काગुणित गिरवू लागला आणि बोधनची आतेबहीण तेलुगू 'ओनमालु'. दिवाळीत तिघे एकत्र जमलो की बोलायला मराठी होतीच. पण एकाने जमिनीवर कोळशाने काही लिहिले तर दुसऱ्याला ते वाचता येत नसे.

माझी अक्षरे आईने घटवून घेतली. ती भालकीला माहेरी एका गुरुजींपाशी दोन वर्षे शिकली होती, तेवढीच तिची शाळा. चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता ती म्हणायची, "क ला काना का, पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की." मी पाटीवर काढायचो. चुकले की पिठाच्याच बोटाने ती पाटीवर बरोबर करून दाखवायची. पाटीवर पांढरे पिठाचे अक्षर उमटायचे आणि मी त्यावरून पेन्सिल फिरवायचो. अंकलिपीत अ च्या शेजारी अननस काढलेला होता. देगलूरच्या बाजारात अननस कुणी पाहिला होता? मी कितीतरी दिवस ते एखाद्या निवडुंगाचे नाव समजत होतो. ऐरण मात्र लोहाराच्या दारात रोज दिसायची, ती ऐ मला चटकन आली.

आता तेलुगू बालशिक्षेचे पहिले पान बघा. अ अम्म, आ आवु, इ इल्लु, ई ईग. आई, गाय, घर आणि माशी. चार अक्षरांत अख्खा संसार! पहिल्याच अक्षराला पोर आईपाशी जाऊन बसते. आमच्याकडे आई दुसऱ्या अक्षराला, तीही आगगाडीने जागा दिली तर. शिवाय गंमत अशी की, 'अम्म' या पहिल्याच शब्दात जोडाक्षर आहे. आमचे गुरुजी बाराखडी पक्की झाल्याशिवाय जोडाक्षराला हात लावू देत नसत. तेलुगू पोराला मात्र पहिल्याच दिवशी जोडाक्षर भेटते. त्याला ते अवघड असते हे कुणी सांगत नाही, म्हणून ते अवघड जात नाही.

वडिलांची गोष्ट आणखी वेगळी. निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. वडील अलिफ-बे शिकले ते 'कायदा' घेऊन. उर्दूत मुलांच्या पहिल्या पुस्तकाला कायदा म्हणतात हे मला कळले तेव्हा मोठी मौज वाटली होती. पाच वर्षांच्या पोराच्या हातात कायदा! त्यांच्या वर्गातल्या मुसलमान मुलांची घरी बिस्मिल्ला झालेली असे, चार वर्षे चार महिने चार दिवस पुरे झाले की. वडिलांना आजोबांनी गोदावरीकाठी बासरच्या सरस्वतीपुढे नेऊन तांदळात बोट धरून ओनामा काढायला लावला होता. आजही वसंतपंचमीला तिथे तेलुगू मुलांच्या रांगेत आमच्या नांदेड-धर्माबादकडची मराठी मुले पाटी घेऊन उभी असतात. मराठीतला 'ओनामा' आणि तेलुगूतले 'ओनमालु' हे एकाच नमनाचे दोन उच्चार. देवीला भाषांतर करावे लागत नाही. अशा रीतीने वडील अर्ज उर्दूत लिहायचे, पोथी बाळबोधीत वाचायचे आणि जमाखर्च मोडीत मांडायचे. एका माणसाच्या एका खिशात तीन लिप्या. त्याचे त्यांना काही विशेष वाटत नसे.

मी १९७५ साली बँकेच्या नोकरीवर हैदराबादला आलो आणि काचीगुड्याजवळ बिऱ्हाड केले. नांदेडची गाडी तिथेच उतरवते, म्हणून गाव जवळ असल्यासारखे वाटे. शहरही परके नव्हते. केशवराव कोरटकरांसारख्यांनी १९०७ साली काढलेली विवेकवर्धिनी होती, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय होते. रिक्षावाला 'नक्को' म्हणाला की आपल्याच गल्लीतला वाटायचा, कारण दखनीने तो शब्द आमच्या 'नको' वरूनच उचललेला. चिरंजीव १९८० चा. त्याला इंग्रजी शाळेत घातला. दुसरी भाषा तेलुगू, तिसरी हिंदी. मराठीचे काय, ती घरात आहेच, असे आम्ही म्हटले. सगळेच तसे म्हणत होते.

भाषा घरात होती, अक्षरे नव्हती. हा फरक मला फार उशिरा कळला. हिंदीमुळे देवनागरी येईल असे वाटले होते, पण शाळेतली हिंदी परीक्षेपुरती. मग एका मे महिन्यात मी कंबर कसली. देगलूरहून अंकलिपी मागवली आणि रोज दहा ओळींचा रतीब लावला. आता लाज वाटते, पण सांगतो. तो तेलुगू वळणाने अक्षर गोल काढायचा, शिरोरेषा द्यायला विसरायचा, आणि मी ओरडायचो, "ते जिलेब्या पाडणं सोड आधी!" त्याच्या हातात जे चांगले बसलेले होते तेच मी चूक ठरवत होतो. एक शिकायला दुसरे विसरावे लागते अशी माझी ठाम समजूत होती. महिनाभरात त्याने मराठीचा धसका घेतला आणि वही माळ्यावर गेली.

१९९३ साली आईचे एक कार्ड आले. नेहमी ती मला लिहायची. या खेपेला पत्त्यावर नातवाचे नाव होते. तो तेरा वर्षांचा झाला, आता त्याला स्वतंत्र पत्र लिहायला हवे, असे तिच्या मनाने घेतले असावे. पोस्टमनने कार्ड त्याच्याच हातात दिले. तो हरखला. उलटसुलट करून पाहिले आणि माझ्याकडे आणून दिले, "बाबा, वाचून दाखवा ना." मी वाचून दाखवले. उंच झालास म्हणे, दिवाळीला ये, सीताफळं ठेवली आहेत, अशा चार ओळी. त्याने उत्तर तोंडी सांगितले आणि मी ते त्याच्या नावाने लिहून धाडले. वाटले, म्हातारीला काय कळते!

दिवाळीला गेलो तेव्हा आईने त्याला खूप जवळ घेतले, सीताफळे खाऊ घातली. तो बाहेर खेळायला गेल्यावर मला म्हणाली, "पत्र तू लिहिलास. तुझा र मी घटवून घेतलाय, मला कळत न्हाई व्हय?" आणि मग जरा थांबून, "लेकराला माझं अक्षर लागत नसंल तर सांगायचं होतंस बाबा. मी मोठं काढलं असतं." तिला वाटले, अक्षर बारीक आहे म्हणून वाचता आले नाही. मी तिचा तो समज तसाच राहू दिला. पुढची तीन वर्षे तिची कार्डे ठळक, मोठ्या अक्षरात येत राहिली, एका कार्डावर जेमतेम पाच ओळी मावतील अशी. १९९६ साली ती गेली.

तिच्या मागे घर आवरताना पत्र्याच्या पेटीत वडिलांच्या वह्या निघाल्या. उघडल्या आणि मी मटकन खाली बसलो. सगळ्या मोडीत. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी रेघ ओढलेली आणि तिला लगटून हात न उचलता लिहिलेली अक्षरे. मध्ये कुठे माझे नाव असेल, माझ्या फीचे पैसे असतील, आत्याच्या लग्नाचा खर्च असेल. मला एक ओळ लागेना. पन्नासच्या दशकात शाळांतून मोडी गेली आणि मी नेमका त्यानंतर पाटी धरली. चिरंजीव शेजारी उभा होता, सोळा वर्षांचा. त्याने विचारले, "बाबा, काय लिहिलंय?" मी म्हणालो, "मला येत नाही." तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

ही फक्त माझ्या पेटीची कथा नव्हे. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली, तेव्हा निजामकाळची दप्तरे वाचायला मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे शोधत फिरावे लागले. आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले आणि नातवाने दुभाष्या लावून वाचायचे!

म्हणूनच नातीने हत्तीचा प्रश्न विचारला तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. तिच्या शाळेत तेलुगू आहे; तेलंगणाने २०१८ साली दहावीपर्यंत तेलुगू सक्तीची करणारा कायदा केला. महाराष्ट्राने २०२० साली मराठीसाठी तसाच केला, पण तो काचीगुड्याला कसा लागू व्हावा? इथे मराठी अक्षराची जबाबदारी घरावर. आणि घरातल्या मास्तराचा पूर्वेतिहास हा असा!

सल्ला मिळाला तो शेजारच्या तेलुगू बाईंकडून. निवृत्त शिक्षिका, नात त्यांना अम्मम्मा म्हणते. मी माझी अडचण सांगितली तर त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, ओळ तर एकच आहे. क ख ग घ तुमचेही तेच, आमचेही तेच. तिला तेलुगूत जिथे आलंय तिथूनच पुढे न्या. आणि आधी तुम्ही शिका." म्हणजे इतकी वर्षे हैदराबादेत काढून मला तेलुगू बोलता येत होते, दुकानाची पाटी मात्र वाचता येत नव्हती. त्र्याहत्तराव्या वर्षी मी पाटी धरली. सकाळी अम्मम्मा मला आणि नातीला तेलुगू शिकवतात, संध्याकाळी मी नातीला मराठी.

शिकताना एकेक नवल कळू लागले. आमच्या बाराखडीत खुणांना काना, मात्रा, वेलांटी, उकार अशी शिस्तीची नावे. तेलुगूत अ च्या खुणेला 'तलकट्टु', म्हणजे डोक्याला बांधलेले फडके. इ च्या खुणेला 'गुडि', आता गुडि म्हणजे देऊळ. उ च्या खुणेला 'कोम्मु', म्हणजे शिंग. मुले म्हणतात, "ककु गुडिस्ते कि, ककु कोम्मिस्ते कु." क ला देऊळ दिले की कि, क ला शिंग दिले की कु! नातीला हे इतके आवडले, की ती आमच्या उकारालाही शेपूट म्हणते.

लिहायला शिकवण्याची रीतही ज्या त्या लिपीच्या अंगाने. आमच्याकडे ग म भ न एकत्र शिकवतात, कारण एक वळण हाताला बसले की चौघांची सोय होते. तेलुगूत ही चौकडी जमत नाही. तिथे द, ध आणि थ हे एका चेहऱ्याचे भाऊ, एखाद्या बारीक रेघेने ओळखायचे. म्हणून मराठी मूल घ आणि ध मध्ये फसते, तेलुगू मूल व आणि म मध्ये. दोघेही ढ नसतात. जोडाक्षराबद्दल तर नातीनेच निकाल दिला, "आजोबा, मराठीत म ला अर्धा तोडतात. तेलुगूत तोडत नाहीत, खाली बसवतात."

सर्वांत मोठा धडा मला ए ने दिला. मराठीत ए एकच. तेलुगूत दोन, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ; ओ सुद्धा दोन. म्हणून त्यांचे गुणिंतम् बारावर थांबत नाही. मी कितीतरी वर्षे मान धरली की डॉक्टरला 'मेड' दुखते असे सांगायचो, ए लांबवून. ऱ्हस्व ए ची मेड म्हणजे मान. दीर्घ ए ची मेड म्हणजे माडी. माझी माडी दुखते असे मी सांगत होतो आणि तो भला माणूस मुकाट गोळ्या देत होता! अम्मम्मांनी हा भेद मला पुस्तकातल्या चित्रांवरून शिकवला. ऱ्हस्व ए ला 'एलुक', म्हणजे उंदीर. दीर्घ ए ला 'एनुगु', म्हणजे हत्ती. लहान ए उंदराचा, मोठा ए हत्तीचा. अक्षराची लांबी पोराला याहून सोपी करून कोण सांगेल?

आम्हीही काही कमी नाही, बरे का. चमच्याचा च आणि चंद्राचा च आपण वेगळे बोलतो, लिहितो एकच. नातीने विचारले, "मग कळतं कसं?" मी म्हणालो, "आईच्या तोंडून ऐकून." जुन्या तेलुगू कोशांत या दोन च साठी दोन वेगळी चिन्हे आहेत. वडिलांची मोडी याच्या अगदी उलट. तिथे ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेदच नाही, वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. आणि आमची बाराखडी तरी कुठे बाराची राहिली? २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, तेव्हा नांदेडहून आणलेल्या नव्या अंकलिपीत चौदाखडी निघाली. मी आधी जरा कुरकुरलो. मग वाटले, बॅट आणि बॉल घरात येऊन किती वर्षे झाली! त्यांना अक्षर मिळाले तर आपले काय गेले?

लिपी म्हणजे कुंपण असे मी समजत होतो. तेलुगू आत आली की मराठी बाहेर जाते, असा हिशेब मी मुलाच्या वेळी मांडला आणि त्याला आईच्या पत्रापासून तोडले. तेलुगूने नव्हे, मी तोडले. सीमेवरच्या मुलाला दोन लिप्या जड होत नाहीत. एकीसाठी दुसरीची लाज वाटायला लावली की जड होतात. वडिलांनी तीन पेलल्या होत्या, कारण त्यांना कुणी जिलेब्या म्हणून हिणवले नव्हते. मात्र घरात भाषा आहे म्हणून अक्षर आपोआप येईल, हेही खरे नाही. अक्षर कुणीतरी शेजारी बसून द्यावे लागते, पिठाच्या बोटाने का होईना.

परवा नवरात्रात कपाट आवरताना आईची ती मोठ्या अक्षरांची कार्डे निघाली. चिरंजीव तिथेच होता, आता पंचेचाळिशीचा. त्याने एक हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता मुलीच्या हाती दिले. ती जमिनीवर पालथी पडली, दोन्ही कोपरे टेकवून. पहिले अक्षर होते 'चि.', चिरंजीवातला. तिने त्यावर बोट ठेवले आणि आपल्या हेलात म्हणाली,

"चकु गुडिस्ते... चि!"

मग तिने माझ्याकडे पाहिले, बरोबर का म्हणून. पहिली वेलांटी चि, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले.

"बरोबर," मी म्हणालो. "पुढं वाच."